सौर प्रकल्पाचा कचरा आणि काळं वावर

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर पाच मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहत होता, तेव्हा मी पहिल्यांदा तिथे गेले. एकही पॅनल अजून चढला नव्हता. दिसत होते ते लाकडी पॅलेट, पुठ्ठ्याची खोकी आणि तुरीच्या फणकटांत अडकून फडफडणारं पारदर्शक प्लास्टिक. धुऱ्यावर एक गाय तेच प्लास्टिक चघळत उभी होती.

सौर विजेला धूर नाही, राख नाही. कोराडी, चंद्रपूरकडच्या कोळशाच्या वीज केंद्रांच्या राखेच्या तळ्यांजवळ राहणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. पण कचरा होतोच. बराचसा वीज सुरू व्हायच्या आधीच, दोन-चार महिन्यांत होतो, आणि उरलेला पंचवीसेक वर्षांनी एकदम निघतो.

साधा हिशेब करू. आजचा ५५० वॉटचा पॅनल साधारण २८ किलोचा असतो. पाच मेगावॉटला असे ९,००० पॅनल लागतात, म्हणजे सुमारे २५० टन माल. एका पॅलेटवर तीसेक पॅनल येतात, म्हणजे ३०० पॅलेट, तितकीच मोठी खोकी, वर प्लास्टिकचं वेष्टन आणि पट्ट्या. केबलचे लाकडी ड्रम वेगळेच. यातलं जवळपास सगळं विकलं जातं, पण कोरडं आणि वेगवेगळं ठेवलं तरच. पुठ्ठा एका पावसात भिजला, चिखलात तुडवला गेला, की तो कोणी घेत नाही. मग काडी लावली जाते.

पॅलेटची लाकडं गावातल्या बाया चुलीसाठी नेतात. नेण्याआधी फळीवरचा शिक्का बघावा. परदेशातून आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असतं आणि शेजारी दोन इंग्रजी अक्षरं. ‘एचटी’ असेल तर लाकडातली कीड नुसत्या उष्णतेने मारलेली असते. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते लाकूड चुलीत घालू नये.

केबलचे तुकडे हा त्याहून वाईट प्रकार. तांब्यासाठी पोरं ते नाल्यात नेऊन जाळतात. ज्या तारेवर पीव्हीसीचं आवरण असतं तिच्या धुरात डायॉक्सिनसारखी विषं असतात आणि ती मातीत, पाण्यात वर्षानुवर्षं टिकतात. आवरण सोलून काढलं तर तांबं शुद्ध निघतं आणि भावही जास्त मिळतो. कंत्राटदाराने तुकडे मोजून, कुलपात ठेवून विकले तर हा प्रश्न उरतच नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मातीची. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. हे तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट या चिकणखनिजामुळे होतं. पॅनलचे खांब या हालचालीत उचलले जाऊ नयेत म्हणून खड्डे खोल घेऊन त्यांत काँक्रीट भरतात. एक फूट व्यासाचे आणि साडेसहा फूट खोल असे वीस गोल खड्डे धरले तर एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट माती निघते. दोन हजार खड्ड्यांची शंभर ब्रास. त्यात वरची कसदार माती आणि खालचा चुनखडीचा थर असं दोन्ही असतं. ते एकत्र करून शेजारच्या वावरात पसरलं तर त्या वावराचं नुकसान होतं. वरचा थर आधी बाजूला काढून ठेवायचा आणि शेवटी वरच टाकायचा, एवढंच करायचं असतं. काँक्रीटच्या गाडीचं धुवण नाल्यात सोडणं तर मुळीच चालू देऊ नये. सिमेंटचं पाणी इतकं अल्कधर्मी असतं की कातडी सोलते, त्यात मासे, बेडकं वाचत नाहीत.

प्रकल्प सुरू झाल्यावर कचरा कमी होतो. ट्रान्सफॉर्मरचं जुनं तेल आणि तेलकट चिंध्या घातक कचऱ्यात मोडतात, त्या वेगळ्या जातात. गवत कापून ढीग करावा, पॅनलखाली वाळू देऊ नये. गाजरगवत फुलावर येण्याआधी काढलं तर त्याचं खत होतं.

आणि पॅनल फुटतात. २५ मिलिमीटरची गार ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने मारून पॅनलची चाचणी घेतलेली असते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याहून मोठ्या गारा पडतात. गवत कापायच्या यंत्राने उडालेला खडाही पुरतो. दुसऱ्या फेरीत असा एक पॅनल पाहिला. काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकली होती, पण एक तुकडा खाली पडला नव्हता. काचेखाली ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा पापुद्रा तापवून चिकटवलेला असतो, तो सगळं धरून ठेवतो. फुटलेला पॅनलही उन्हात वीज करत राहतो. म्हणून तिथल्या तंत्रज्ञाने तो पालथा करून, फळ्यांवर, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला होता. हीच योग्य रीत.

हाच पापुद्रा पुनर्वापर अवघड करतो. एकदा पक्का झाला की तो पुन्हा वितळत नाही. पॅनलमध्ये जवळपास वीस किलो काच, दोन-तीन किलो ॲल्युमिनियम, थोडं सिलिकॉन व तांबं, काही ग्रॅम चांदी आणि डाखेतलं थोडं शिसं असतं. भंगारवाला ॲल्युमिनियमची चौकट आणि तार काढून घेतो, उरलेला भाग टाकून देतो. जाळला तर मागच्या फ्लोरिनयुक्त प्लास्टिकच्या थरातून हायड्रोजन फ्लोराइड निघतो, तो फुप्फुसं जाळणारा वायू आहे. म्हणून फुटका पॅनल भंगारात द्यायचाच नाही. ई-कचरा नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत सौर पॅनल आले आहेत. २०३४-३५ पर्यंत निघणारा पॅनलचा कचरा उत्पादकांनी नीट साठवून ठेवायचा, असं त्यांत सांगितलं आहे.

शेतीला दिवसा वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खासगी जमीन हेक्टरी वर्षाला किमान १,२५,००० रुपये भाड्याने जाते. कोरडवाहू कपाशीच्या भरवशावर बसलेल्या घराला हा मोठा आधार आहे, आणि दिवसा मिळणारी वीज तर हवीच आहे. निघताना एका जमीनमालकाने मला विचारलं, “मॅडम, हे सिमिटाचे खुंट पंचवीस वर्षानं कोन उपटंन जी? नांगर चालंन का मंग?” त्यांच्या करारनाम्याची प्रत आम्ही ओट्यावर बसून वाचली. जमीन ‘पूर्ववत’ परत करू, एवढा एकच शब्द होता. खुंट मुळापासून काढायचे की वरून तोडायचे, पॅनल कोणी न्यायचे, त्या खर्चाची रक्कम आधी कुठे ठेवायची, यातलं काही नव्हतं. शेजारच्या दोन शेतकऱ्यांचे करार अजून व्हायचे होते. त्यांच्यासाठी हे तीन मुद्दे जमीनमालकाने प्रतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्याकडून लिहून घेतले.