मिनिमम बॅलन्सचा दंड आला कुठून?

धाराशिवपासून नांदेडपर्यंत जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'हैदराबाद बँक'च आहे. निजामाच्या राज्यात १९४१ साली निघालेली ही बँक १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. आणि पाच वर्षं बंद असलेला किमान शिल्लकेचा दंडही स्टेट बँकेनं नेमका त्याच दिवसापासून पुन्हा लावला. खेड्यातल्या खात्यात महिन्याला सरासरी हजार रुपये हवेत, नाहीतर २० ते ५० रुपये आणि वर कर. बोर्ड बदलला अन् पैसे कापायला लागले, असं कुणाला वाटलं असेल तर त्यात नवल नाही.

मुळात १९९९ पर्यंत शुल्काचे दर इंडियन बँक्स असोसिएशन ही बँकांची संघटना ठरवत असे. त्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेनं हा अधिकार प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाला दिला. शुल्क वाजवी असावं, सेवेच्या खर्चाला धरून असावं, एवढीच अट. वाजवी म्हणजे किती, हे तपासायला २००६ मध्ये कार्यगट नेमावा लागला. पुढच्या वर्षी परिपत्रक निघालं, पण आकडा बँकांच्याच हाती राहिला. एटीएमच्या शुल्कावर मात्र रिझर्व्ह बँकेनं थेट कमाल मर्यादा घातली. ती आता व्यवहारामागे २३ रुपये आहे.

किमान शिल्लकेचे नियम १ एप्रिल २०१५ पासून कडक झाले. आधी ग्राहकाला कळवायचं, महिनाभर मुदत द्यायची, जेवढी तूट त्या प्रमाणातच दंड घ्यायचा आणि दंडापायी खातं उणे होऊ द्यायचं नाही. नियम चांगला, पण तो महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घरांना जास्त मानवतो. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतात. मृगापर्यंत खात्यात उरतं काय? दंड बसायचा तोही अशाच कोरड्या महिन्यांत.

स्टेट बँकेनं २०१८ मध्ये खेड्यातला दंड कमाल १० रुपयांवर आणला आणि मार्च २०२० मध्ये सगळ्या बचत खात्यांवरून तो काढून टाकला. २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी तेच केलं. बाकीच्यांत अजून ज्याची त्याची रीत आहे.

झिरो बॅलन्सचं मूलभूत बचत खातं २०१२ पासून प्रत्येक बँकेला द्यावंच लागतं. मात्र त्याच बँकेतलं आपलं दुसरं बचत खातं तीस दिवसांत बंद करावं लागतं.