बाटलीवरचं नाव कुणाचं?

वाइनच्या दर्दी माणसाला ‘तू सगळ्यांत जास्त काय पितोस?’ असं विचारलं, की बहुधा माणसांची आणि घराण्यांची नावं ऐकायला मिळतात. लापिएरची मॉर्गों, प्र्यूमची रीसलिंग, लोपेझ दे एरेदियाची कुबिलो. लाफीत किंवा रोमाने-कोंती या बड्या, महागड्या फ्रेंच वाइनांवर हीच मंडळी तासन्‌तास बोलतील, पण त्यांच्या रिकाम्या बाटल्यांच्या ढिगात ती नावं क्वचितच सापडतील. ज्याचा हात चांगला त्याची साधी वाइनही चांगली, असा त्यांचा नेहमीच्या पिण्यातला हिशेब असतो. तो आज अंगवळणी पडला असला, तरी द्राक्षं पिकवणाऱ्याचं नाव सर्रास बाटलीवर येऊ लागलं त्याला जेमतेम शंभर वर्षं झाली आहेत.

अपवाद जुने आहेत. इंग्रज रोजनिशीकार सॅम्युअल पेपिसने १० एप्रिल १६६३ च्या रोजनिशीत लंडनच्या एका टॅव्हर्नमध्ये ‘हो ब्रायन’ नावाची फ्रेंच वाइन प्यायल्याची नोंद केली आहे. ही फ्रान्सच्या बोर्दो भागातली ओ-ब्रिओं. स्पेलिंगचा त्याने पार चुथडा केला, पण नाव लक्षात ठेवलं, हे महत्त्वाचं. तिच्या मालकांनी, पोंताक घराण्याने, पुढे १६६६ मध्ये लंडनमध्ये स्वतःची खानावळच काढली.

बाकी सगळा कारभार व्यापाऱ्यांच्या हातात होता. वाइन पिंपांतून बोर्दोच्या शार्त्रों भागातल्या गोदामांत जाई. तिथेच ती मुरे आणि तिथेच किंवा परदेशी खरेदीदाराकडे बाटलीत भरली जाई. एखादं वर्ष फिकं गेलं, तर ऱ्होन खोऱ्यातली दणकट एर्मिताज तिच्यात मिसळत, आणि गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकात हे उघडपणे चाले; गिऱ्हाइकालाही ते हवं असे. १८५५ ची प्रसिद्ध प्रतवारीही दलालांनी बाजारभावावरून लावलेली. म्हणजे नाव शातोचं, अर्थात बागेच्या मालकाच्या वाइनघराचं, पण बाटलीत नेमकं काय आहे ते व्यापाऱ्यालाच ठाऊक.

१९२४ मध्ये मूतों शातोच्या बावीस वर्षांच्या फिलिप द रोत्शिल्ड याने सगळं पीक स्वतःच्या आवारातच बाटलीत भरायचं ठरवलं. ऐकायला सोपं वाटतं. पण जी पिंपं आधी काही महिन्यांत व्यापाऱ्याकडे रवाना व्हायची, ती आता दोन-तीन वर्षं घरातच सांभाळायची होती. मग १९२६ मध्ये सुमारे १०० मीटर लांबीचं कोठार बांधावं लागलं. लेबलावरच्या ‘शातोमध्येच बाटलीबंद’ या अर्थाच्या फ्रेंच ओळीमागे एवढी इमारत उभी आहे.

फ्रान्सच्याच बरगंडी भागाचं दुखणं वेगळं होतं. फ्रेंच क्रांतीत चर्चच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या आणि नंतर सगळ्या वारसांना सारखा वाटा देणारा कायदा आला. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होत गेल्या. सिस्टर्शियन साधूंनी एका भिंतीत बांधून घेतलेली क्लो द वूजो ही ५० हेक्टरची बाग आज सुमारे ८० मालकांत विभागलेली आहे. कुणाकुणाकडे नुसत्या काही ओळी. एवढ्याशा द्राक्षांचं स्वतंत्र दुकान मांडणार कोण? ती व्यापाऱ्याला विकली जात आणि तो सगळ्यांची वाइन एकत्र करी.

विसाव्या शतकाच्या विशी-तिशीत काही बागायतदारांनी भेसळीविरुद्ध तोंड उघडलं. वोल्नेचा मार्की दांजेरव्हिल, न्यूई-सें-जॉर्जचा आंरी गूज, जेव्रे-शांबेर्तांचा आर्मां रूसो हे त्यांतले ठळक. दांजेरव्हिलची वाइन घेणं व्यापाऱ्यांनी बंद केलं, तेव्हा त्याने स्वतः बाटल्या भरल्या. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली आणि फ्रँक स्कूनमेकरसारख्या आयातदारांमुळे अशा बाटल्यांना दूरचं गिऱ्हाईक मिळालं. १९३५ च्या फ्रेंच कायद्याने गावांच्या नावांना संरक्षण दिलं खरं, पण त्याच बागेतला शेजारी आळशी असला तर कायदा काय करणार? बरगंडीत नुसत्या गावाच्या नावावर बाटली घेणं म्हणजे आंधळी कोशिंबीर, असं माझं मत आहे.

जर्मनीच्या मोझेल खोऱ्यात तर आडनावही पुरत नाही. वेलेन गावासमोरच्या पाटीदगडाच्या उतारावर योडोकस प्र्यूमने १८४२ मध्ये सूर्यघड्याळ बसवलं, त्यावरून बागेचं नाव पडलं ‘झोननऊर’. १९११ मध्ये घराण्याच्या वाटण्या झाल्या, आणि आज प्र्यूम लिहिलेली बाटली उचलली की आधीची आद्याक्षरं नीट वाचावी लागतात. दर्दी लोक शोधतात ती ‘योहान योझेफ’ यांची. त्यांची काबिनेट, म्हणजे हलक्या प्रतीची रीसलिंग, बहुधा आठ-नऊ टक्के अल्कोहोलची, एका बैठकीत सहज संपते. तिकडे १९७१ च्या जर्मन कायद्याने मोठमोठ्या भागांनाही एकेका बागेसारखी दिसणारी नावं दिली. त्यामुळे जागेच्या नावावरचा भरवसा कमी झाला आणि पिकवणाऱ्याच्या नावावरचा वाढला.

बरगंडीच्या दक्षिणेकडच्या बोजोलेची गोष्ट मला सर्वांत आवडते. १३९५ मध्ये बरगंडीचा ड्यूक फिलिप याने गामे द्राक्षाला बेइमान ठरवून हद्दपार केलं. ते बोजोलेच्या ग्रॅनाइटवर रुजलं. विसाव्या शतकात नोव्हेंबरातल्या घाईच्या ‘नूव्हो’ने, म्हणजे त्याच वर्षीच्या कोवळ्या वाइनने, त्याचं नाव जगभर नेलं आणि खालीही आणलं. तेव्हा तिथल्याच मॉर्गों गावच्या मार्सेल लापिएरला वाट दाखवली ती झ्यूल शोव्हेने: रानातलं यीस्ट, कमीत कमी गंधक. शोव्हे रसायनाचा जाणकार होताच, पण पेशाने वाइनचा व्यापारी! फोयार, ब्रेतों, तेव्हने त्याच वाटेने गेले. बरगंडी खिशाबाहेर गेली, तसे दर्दी लोक याच चौघांकडे वळले.

स्पेनच्या रिओहा भागातल्या आरो गावी १८७७ मध्ये सुरू झालेलं लोपेझ दे एरेदियाचं घर मात्र जुन्याच चालीवर चाललंय. पिंपं घरच्या सुतारांची, आणि वाइन पिण्याजोगी होईपर्यंत मुरवण्याचं काम वाइनरीच करते. गिऱ्हाइकाने घरी आणून थेट बूच काढायचं.

फ्रान्सच्या शांपेन भागात बागायतदार आणि व्यापारी यांचं हे भांडण रस्त्यावर आलं होतं. मोठी घराणी बाहेरचा माल आणतात म्हणून १९११ मध्ये आई गावात बागायतदारांनी व्यापाऱ्यांच्या इमारती पेटवल्या आणि वाइन गटारात ओतली. आज तिथल्या लेबलावर बारीक टायपात दोन अक्षरं असतात: द्राक्षं विकत घेणाऱ्या घराण्यासाठी ‘एनएम’, स्वतःच्या द्राक्षांची शांपेन करणाऱ्यासाठी ‘आरएम’. ती वाचायला बऱ्याचदा चष्मा लागतो.