पिशवीत टोमॅटो का नाही, आणि पैसे आधीच का घेता?

नमस्कार मंडळी, आपल्या रानातून येणाऱ्या भाजीच्या पिशवीच्या ग्रुपवर दर शनिवारी हे दोन प्रश्न हमखास येतात, टाइप करून करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच छापलंय, फ्रिजला लावून ठेवा.

आधी पैशाचं. शेतकरी माल घेऊन मार्केट यार्डात जातो तेव्हा भाव काय मिळणार ते त्याला तिथे गेल्यावरच कळतं, आणि हातात जी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, येते त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई आधीच वजा झालेली असते, आवक जास्त झाली की पट्टी उलटी, म्हणजे त्यानेच खिशातून भरायचे. फेब्रुवारी २०२३ मधे सोलापुरात ५१२ किलो कांदा विकून एका शेतकऱ्याला २ रुपयांचा चेक मिळाला ती बातमी वाचलीच असेल. त्या आठवड्यात तुम्ही कांदा किती रुपये किलोने आणला होतात, आठवा बरं.

आपल्याकडे तुम्ही तीन महिन्यांचे पैसे लागवडीआधी देता, त्यातून बियाणं, शेणखत, मजुरी निघते, कोणाकडे उचल मागायला जावं लागत नाही. म्हणजे तुम्ही किलोवर भाजी घेत नाही, त्या रानातला वाटा घेता. दुधाच्या रतीबासारखंच आहे, फरक एवढाच की म्हैस आटली तर गवळी दुसरीकडून आणून घालतो, आम्ही मार्केटमधून आणून पिशवी भरत नाही. पिकलं तर भरपूर, नाही पिकलं तर तुमचाही वाटा कमी. हे ऐकून काहीजण नको म्हणतात, चालेल, नंतर भांडण्यापेक्षा बरं.

आयडिया आमची नाही हां, जपानमधे १९७० च्या दशकात तेइकेई नावाने हे सुरू झालं, फवारलेल्या भाजीला घाबरलेल्या घरच्या बायकाच थेट शेतकऱ्याकडे गेल्या, अमेरिकेत १९८६ ला.

आता टोमॅटो. सततच्या पावसात करपा रोग येतो आणि औषध न मारणाऱ्याचा प्लॉट बघता बघता झोपतो. त्यामुळे पावसाळ्यात दोडका, घोसाळी, पडवळ, अंबाडी, आणि पुरंदरचा मटार आला की मटारच मटार, सोलायला घरातल्या सगळ्यांना बसवा. थंडीत मेथी, चाकवत, मुळा, गाजर, मजा असते. एप्रिल-मे मधे विहिरी तळाला जातात, तेव्हा गवार, भेंडी, वांगी तीच तीच येतील, कंटाळा येईल, आम्हालाही येतो.

पानावर पांढरी नागमोडी रेघ दिसली तर ती नागअळी, तेवढं पान काढून टाका, बाकी जुडी चांगली असते. फ्लॉवर मिठाच्या पाण्यात बुडवूनच घ्या.

गावाला जाणार असाल तर गुरुवार रात्रीपर्यंत कळवा, शुक्रवारी काढणी झाली की पिशवी तुमचीच, शेजारच्या काकूंना द्या. आणि रान बघायला कधीही या, फक्त चांगल्या चपला घालून येऊ नका, चिखल असतो.