टाकीला अजीर्ण होतं तेव्हा

कुडाळजवळ काकीच्या परसात गोबरगॅसची टाकी आहे. गणपतीत पाहुणे येऊन गेले, दोन पातेली भात उरला, आणि मी उत्साहाच्या भरात तो सगळाच्या सगळा शेणकाल्याच्या कुंडीत ओतला. दुसऱ्या दिवशी गॅस भरपूर. तिसऱ्या दिवशीही भरपूर, पण शेगडी पेटेना. काडी धरली की फुस्स आवाज आणि ज्योत गायब. कुंडीला ताकासारखा आंबूस वास. काकी म्हणाली, "अजीर्ण झालंय तिला."

निदान बिनचूक होतं. टाकीत सूक्ष्मजीवांच्या दोन टोळ्या नांदतात. पहिली भात, भाकरी, पालापाचोळा फोडून त्याची आम्लं करते, मुख्यतः व्हिनेगरमध्ये असतं ते असेटिक आम्ल. दुसरी ही आम्लं आणि हायड्रोजन खाऊन मिथेन बनवते. पहिली टोळी चपळ, काही तासांत दुप्पट होणारी. दुसरीला त्यासाठी कित्येक दिवस लागतात, शिवाय ऑक्सिजन आणि आंबटपणा तिला सोसत नाही. (ही मिथेनवाली मंडळी जिवाणू नाहीतच, त्यांचं कूळ वेगळं आहे, हे अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्ल वूझ यांनी १९७७ साली दाखवलं.) मी एकदम भात लोटला, पहिल्या टोळीने फडशा पाडला, आम्ल साचलं आणि दुसरी टोळी गप्प बसली. एरवी या गॅसमध्ये ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. त्या दिवशी बहुतेक कार्बन डायऑक्साइडच भरला होता, आणि तो कसा पेटणार?

मग शेणावर टाकी कशी सुरळीत चालते? कारण शेण म्हणजे उरलंसुरलं. सहज पचणारं सगळं गाईने आधीच खाल्लेलं असतं. हीच मिथेनवाली मंडळी तिच्या पोटातही राहतात आणि ती ढेकरांतून मिथेन सोडतच असते. म्हणून शेणाला टाकीत सुमारे ४० दिवस मुरावं लागतं, आणि २५ किलो शेणातून मिळतो जेमतेम एक घनमीटर गॅस, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम एलपीजीच्या तोडीचा. रोज दोन घनमीटर हवा असेल तर ५० किलो शेण, तेवढंच पाणी. कोकणातली गुरं अंगाने लहान आणि दिवसभर बाहेर चरणारी. एवढं शेण गोळा व्हायला गोठा भरलेला लागतो. सरकारी अनुदान टाकीच्या बांधकामाला मिळतं, गुरांना नाही. गोठे रिकामे झाले आणि किती तरी टाक्यांचे घुमट नुसते मागे उरले.

पुण्याच्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं: पचून उरलेलं कशाला घालता, अन्नच घाला. खरकटं, पेज, किडकं पीठ, तेलबियांची पेंड. एकात एक बसणाऱ्या दोन प्लॅस्टिकच्या टाक्यांचं हे छोटं संयंत्र. त्याला २००६ साली शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटनमधला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. किलोमागे गॅस शेणाच्या कितीतरी पट, तोही लवकर. पण ताजं अन्न जितकं लवकर पचतं तितकंच लवकर आंबतं, हे मी स्वखर्चाने शिकलो.

काकीने आठवडाभर टाकीला लंघन घडवलं. मग शेजाऱ्यांच्या चालू टाकीतली दोन बादल्या मळी आणि थोडी चुन्याची निवळी. नवव्या दिवशी निळी ज्योत धरली. आता कुंडीपाशी एक पोचे आलेला तांब्या ठेवलेला असतो. पेज रोज तेवढीच, आणि ती काकी स्वतःच घालते.