जठरातला फुगा: बसवण्याआधी काढण्याची तारीख ठरवा

लठ्ठपणासाठी जठरात सोडायचा सिलिकॉनचा फुगा आत जाताना घट्ट गुंडाळलेला असतो, बारीक नळीच्या टोकाला मावेल इतका. आत पोचला की नळीतून सलाइन भरतात. 50 मिलिलिटरची सिरिंज अकरा वेळा रिकामी केली की 550 मिलिलिटर होतात. पोट कापायचं नाही, टाके नाहीत, बहुतेक वेळा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. त्यामुळे चिपळूण किंवा कणकवलीचा माणूस मुंबई, कोल्हापूर नाहीतर गोवा गाठतो, फुगा बसवून घेतो आणि गाडी पकडून गावी येतो. खरी कसोटी गावी आल्यावर सुरू होते.

आधी फुगा काय करतो ते बघू. मोठ्या माणसाच्या जठरात साधारण एक ते दीड लिटर अन्न मावतं. त्यातली बरीचशी जागा फुगा अडवतो, जठराची भिंत ताणलेली राहते आणि थोडक्यात पोट भरल्याची जाणीव होते. शिवाय जठर रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो, ते याहून महत्त्वाचं. एरवी दोन-तीन तासांत पुढे सरकणारा भात बराच वेळ तिथेच राहतो. पण जठर सरावतं, म्हणून बहुतेक वजन पहिल्या तीन महिन्यांतच उतरतं. सहा महिन्यांत साधारण 10 टक्के घट धरून चालावं. 165 सेंटिमीटर उंची आणि 82 किलो वजन म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) 30. अशा माणसाचं वजन आठेक किलोंनी उतरतं. फुगा निघाल्यावर खाणं पूर्वीसारखं झालं, तर त्यातलं बरंचसं परत येतं.

आजचा फुगा गोल, गुळगुळीत आणि द्रवाने भरलेला का, याला कारण आहे. अमेरिकेत 1985 साली मान्यता मिळालेला गॅरन-एडवर्ड्स फुगा नळकांड्यासारखा होता आणि त्यात 220 मिलिलिटर हवा भरत. त्याच्या कडा जठराला घासून व्रण झाले. काही फुग्यांतली हवा आपोआप गेली आणि ते आतड्यात सरकून अडकले. 1987 मध्ये फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्जला तज्ज्ञ जमले आणि चांगला फुगा कसा असावा हे त्यांनी ठरवलं: गुळगुळीत, टिकाऊ, द्रवाने भरलेला आणि एक्स-रेत दिसणारा.

बसवताना आधी दुर्बीण आत घालून जठर तपासतात. व्रण, मोठा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) किंवा पूर्वी जठरावर झालेली शस्त्रक्रिया असेल, तर फुगा बसवत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा गरोदरपण असेल, तरीही नाही. गुडघेदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेण्याची सवय कोकणातही घरोघर आहे. फुगा आत असेपर्यंत ती पूर्ण बंद हवी. उलट आम्ल कमी करणारी गोळी रोज घ्यायची, एकही दिवस चुकवायची नाही.

पहिला आठवडा कठीण असतो. जठर फुग्याला बाहेर ढकलू पाहतं, त्यामुळे मळमळ, उलट्या आणि पेटके जवळपास सगळ्यांना होतात. तीन ते सात दिवसांत हे ओसरतं. पहिले तीन दिवस फक्त पातळ पदार्थ: पेजेची निवळ, ओआरएस, नारळपाणी, तेही घोटघोट, दर दहा मिनिटांनी दोन चमचे. मग दोन आठवडे मऊ भात, मुगाचं पातळ वरण, नाचणीची आंबील. सोलकढी पोटाला चांगली असा समज असला, तरी तिचा आंबटपणा आणि नारळाच्या रसाची चरबी या दिवसांत सोसत नाही, ती महिनाभर बाजूला ठेवा. पुढे प्रथिनांना मासे उत्तम, पण उकडलेले किंवा कमी तेलात परतलेले. मोदक, चिकट भात, घावणे फुग्याला चिकटून कुजतात आणि सडक्या अंड्याच्या वासाचे ढेकर येतात. जेवणानंतर अर्ध्या तासाने ग्लासभर पाणी हळूहळू प्यायलं की फुगा धुतला जातो.

चोवीस तास पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर थांबू नका. शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम घटून मूत्रपिंडाला इजा होते. सलाइन तालुक्याच्या रुग्णालयातही लावता येतं. ट्रॉलरवर आठ-आठ दिवस जाणाऱ्या खलाशाने पहिला महिना तरी समुद्रावर जाऊ नये. तिथे उलट्या झाल्या की सगळे ‘बोट लागली’ म्हणतात आणि मोलाचे तास जातात.

सलाइनमध्ये बऱ्याचदा मेथिलिन ब्लू हा निळा रंग मिसळतात. फुगा गळला तर रंग आतड्यातून रक्तात जातो आणि लघवी निळी-हिरवी होते. रंग दिसला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. रिकामा फुगा लहान आतड्यात सरकून अडकला, तर शस्त्रक्रियाच करावी लागते. ज्यांच्यात जी-6-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता आहे त्यांना हा रंग घातक ठरतो, म्हणून ते बसवण्याआधीच सांगा. कधी फुगा आपोआप जास्त फुगतो, पोट टणक होतं, श्वास लागतो. पाठीकडे जाणारी तीव्र कळ स्वादुपिंडाच्या सुजेची असू शकते. दोन-तीन महिने ठीक गेल्यावर अचानक उलट्या सुरू झाल्या, तर काहीतरी बाधलं असं समजून घरी दिवस काढू नका.

आता तारखेचं. नेहमीच्या फुग्याची मुदत सहा महिने, कारण आम्लात सिलिकॉन कमजोर होत जातं. डिसेंबर-जानेवारीत बसवला तर काढायची वेळ जून-जुलैत येते, तेव्हा घाटात दरड आणि रेल्वेला उशीर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बसवावा, म्हणजे एप्रिल-मेमध्ये निघतो. गिळायच्या फुग्याला दुर्बीण लागत नाही: कॅप्सूल गिळतात, तिच्या बारीक नळीतून 550 मिलिलिटर द्रव भरतात, एक्स-रेवर जागा तपासतात. साधारण चार महिन्यांनी झडप उघडून तो रिकामा होतो आणि शौचावाटे जातो. तो क्वचित अडकतो, पण त्या काळात शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय जवळ हवं.

 

काढण्याआधी दोन-तीन दिवस फक्त पातळ आहार आणि किमान बारा तास उपास. कारण फुग्याखाली अन्न साचलेलं असतं. भुलीत ते घशात आलं तर फुफ्फुसात जातं. दुर्बिणीतून अन्न दिसलं तर जाणते डॉक्टर त्या दिवशी काम पुढे ढकलतात. जठर मोकळं असेल तर सुई टोचून सगळा द्रव ओढतात, रिकामं आवरण चिमट्याने पकडून घशातून हळू बाहेर काढतात आणि शेवटी पुन्हा दुर्बीण घालून व्रण आहे का ते पाहतात.

फुगा आत असेपर्यंत खिशात एक कार्ड ठेवा: फुग्याचा प्रकार, किती मिलिलिटर, निळा रंग आहे की नाही, बसवल्याची आणि काढायची तारीख, डॉक्टरांचा फोन. मध्यरात्री खेड्यातल्या दवाखान्यात पोचलात, तर तिथल्या डॉक्टरांना सगळ्यात आधी हेच विचारायचं असतं.