ओसीटी यंत्रातला आरसा थांबायला एवढी वर्षे का लागली?

मधुमेहाने डोळ्यातल्या पडद्याला सूज आल्याची शंका आली की डोळ्यांचे डॉक्टर आधी ओसीटी (ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी, म्हणजे प्रकाशाने केलेली पडद्याची तपासणी) काढून आणायला सांगतात. हनुवटी टेकवून आतल्या खुणेकडे पाहायचे, की काही सेकंदांत पडद्याच्या थरांचा उभा छेद समोर येतो. हे चित्र घडवले ते मुख्यतः भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकीच्या लोकांनी.

व्हिएन्नात १९८०च्या दशकात प्रकाशाच्या व्यतिकरणाने, म्हणजे दोन प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून होणाऱ्या परिणामाने, डोळ्याची लांबी मोजली जात होती. बोस्टन परिसरातल्या गटाने १९९१मध्ये पहिले छेद प्रसिद्ध केले, तेही काढून ठेवलेल्या डोळ्याचे आणि हृदयाच्या धमनीचे. १९९६मध्ये यंत्र बाजारात आले. खप बेताचाच राहिला.

खरा वाद आरशाचा. कोणता थर किती खोल, हे त्यावरून प्रकाश परतायला लागणाऱ्या वेळेवरून कळते. पण प्रकाश इतक्या लवकर परततो की इलेक्ट्रॉनिक घड्याळाला तो वेळ मोजता येत नाही, म्हणून डोळ्यातून परतलेला प्रकाश आरशावरून आलेल्या प्रकाशात मिसळतात. जुन्या यंत्रात हा आरसा मागेपुढे सरके. एका क्षणी एकाच थराची माहिती मिळे, बाकी थरांवरून आलेला प्रकाश वाया जाई. आरसा स्थिर ठेवून मिसळलेल्या प्रकाशाचा वर्णपट काढला तर सगळे थर एकदम मोजता येतात, हे व्हिएन्नाच्याच गटाने १९९५मध्ये दाखवले होते. तरीही २००२चे नवे यंत्र सरकत्या आरशाचेच निघाले. छेद उभ्या रेषा शेजारी-शेजारी जोडून बनतो, आणि हे यंत्र सेकंदाला ४०० रेषा घेई. तेवढ्यात रुग्णाची नजर हलली की छेद वेडावाकडा.

पुरेसे वेगवान कॅमेरे नव्हते, हे उत्पादकांच्या बाजूने सांगितले जाते आणि त्यात तथ्य आहे. पण अडचण तेवढीच नव्हती. नव्या पद्धतीत क्षीण प्रकाशही अधिक चांगला टिपता येतो, हेच अनेकांना पटलेले नव्हते. २००३मध्ये वेगवेगळ्या गटांनी हिशेब मांडून तो फायदा शंभर पटींच्या घरातला असल्याचे दाखवले, आणि २००६पासून सेकंदाला वीस हजारांहून जास्त रेषा घेणारी यंत्रे विकली जाऊ लागली. हा हिशेब आधीच मांडायला हवा होता. मधल्या काळातल्या रुग्णांना त्याची किंमत मोजावी लागली.

त्याच २००६मध्ये, उतारवयात पडद्याच्या मध्यभागी होणाऱ्या विकारावर, डोळ्यात टोचायच्या रॅनिबिझुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. कर्करोगावरचे, बरेच स्वस्त बेव्हासिझुमॅब डॉक्टर आदल्या वर्षापासूनच वापरू लागले होते. दर महिन्याला टोचायचे की पडद्यात पाणी साचले तरच, हा प्रश्न लगेच उभा राहिला. त्याचे उत्तर डॉक्टर ओसीटीवर मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) दिसणाऱ्या पडद्याच्या जाडीत शोधू लागले आणि यंत्राची मागणी खऱ्या अर्थाने तिथून वाढली.