टेल्युराइड

टेल्युराइड : अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातील जुने खाणगाव व आजचे स्कीइंग केंद्र. सॅन वान पर्वतात, तीन बाजूंनी कड्यांनी कोंडलेल्या दरीत ते सुमारे २,६६७ मी. उंचीवर वसले आहे. म्हणजे गावातला रस्ताच कळसूबाईच्या माथ्याहून हजार मीटर वर. १८७८ मध्ये ‘कोलंबिया’ नावाने वसलेल्या या गावाचे नाव १८८७ मध्ये बदलले, कारण कॅलिफोर्नियातल्या कोलंबियाशी टपालाचा घोळ होई. टेल्युराइड हे सोन्याचे खनिज. गंमत म्हणजे ते इथे सापडलेच नाही. सोने, चांदी, शिसे, जस्त मात्र भरपूर निघाले. १८९० मध्ये रेल्वे आली. १९७२ मध्ये स्कीइंग सुरू झाले आणि १९७८ मध्ये शेवटची मोठी खाण बंद पडली.

उन्हाळी पाहुणे ज्या वाटांनी फिरतात, त्यांतल्या बऱ्याच वाटा खाणवाल्यांनीच पाडलेल्या आहेत. दरीच्या टोकाशी पॅंडोरा येथे खनिज दळणाऱ्या जुन्या गिरणीचे अवशेष व खनिजाच्या गाळाचे ढीग दिसतात. तिथून नागमोडी, खडबडीत रस्ता ब्रायडल व्हेल धबधब्याच्या (सु. १११ मी.) माथ्यावर जातो. कड्याच्या अगदी काठावरचे घर १९०७ चे जलविद्युतगृह आहे. दमछाक नको असेल, तर पाइन स्ट्रीटच्या दक्षिण टोकापासून बेअर क्रीक धबधब्याची वाट धरावी : एका बाजूने सुमारे ४ किमी. आणि ३०० मी. चढ.

१९९६ पासून गाव व डोंगरापलीकडची माउंटन व्हिलेज ही वस्ती यांच्यामध्ये फुकट गोंडोला (तारेवरून जाणारा बंद पाळणा) चालतो. प्रवास सुमारे १३ मिनिटांचा. मधले सॅन सोफिया स्थानक ३,२०० मीटरांवर आहे. वसंतात व शरदाच्या अखेरीस तो काही आठवडे बंद असतो आणि विजा चमकू लागल्या की थांबवतात, तेव्हा परतीचा अंदाज चुकतो.

जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ निरभ्र असली, तरी दुपारी ढग दाटून गडगडाट होतो. म्हणून पहाटे निघून बारापूर्वी उघड्या कड्यांवरून उतरावे. सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि थंडी भरते. विंडचीटर सोबत हवाच. विरळ हवेमुळे पहिल्या दिवशी डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे हे नेहमीचे. त्या दिवशी गावातच हिंडावे, पाणी प्यावे, मद्य टाळावे. त्रास वाढतच गेला, चाल अडखळू लागली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर ताबडतोब खाली उतरावे. गोळ्या घेऊन वर थांबणे धोक्याचे.

जीपवाल्यांचे आकर्षण म्हणजे सुमारे ४,००० मी. उंचीची इमोजीन खिंड. जूनअखेरपर्यंत तिथे बर्फ असू शकते. ब्लॅक बेअर खिंडीचा टेल्युराइडकडचा उतार तर एकेरी आहे : वळणे इतकी आखूड की लांब गाडीला पुढे-मागे करूनच सुटावे लागते, खाली सरळ कडा. नवख्याने तो ब्रायडल व्हेल धबधब्याच्या पायथ्याहूनच पाहावा.